चौथ्या क्रमांकाचं बेट

ओस्मो : चार वाजून वीस मिनिटांनी पाच जण आले. पाचला दहा कमी असताना चार जण गेले.

आइली : कुठे आले?

ओस्मो : इथे. बेटावर.

आइली : आणि हे तू मला आत्ता सांगतोयस? केस अजून ओले आहेत माझे. कोण होते?

ओस्मो : ओळखीचे नव्हते. बूट चांगले होते.

आइली : बूट राहू देत. कॅमेरा होता का कुणाकडे?

ओस्मो : एकीच्या गळ्यात होता.

आइली : अरे देवा! तेच ते, ओस्मो. पेपरचे परीक्षक. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोकांनी कुठे जावं ते ठरवणारे. आठवडाभर मी रोज खिडक्या पुसते, रोज वेलदोड्याचा पाव भाजते, रोज सौनाची वाफेची खोली तापवते, न जाणो आज येतील म्हणून. आणि ते आले आणि गेले?

ओस्मो : गेले.

आइली : मला हाक का नाही मारलीस?

ओस्मो : तू सौनात होतीस, ताई.

आइली : मग?

ओस्मो : सौनात बसलेल्या माणसाला हाक मारू नये. आई सांगायची.

आइली : घराला आग लागली तर आईसुद्धा मारायची हो हाक!

ओस्मो : आग नव्हती.

आइली : बरं. त्यांनी दार तरी वाजवलं असेल?

ओस्मो : नाही. पायरीपर्यंत आले. दाराकडे बघितलं आणि मागे फिरले.

आइली : का पण? दाराला काय झालं होतं?

ओस्मो : खराटा टेकवलेला होता.

आइली : दाराला?

ओस्मो : दाराला.

आइली : कुणी टेकवला?

ओस्मो : तू म्हणालीस, पाहुणे येतील, पायऱ्या झाड. मी झाडल्या. मग खराटा ठेवला.

आइली : भिंत नव्हती?

ओस्मो : भिंतीवर जाळी वाळत होती.

आइली : अरे मूर्खा! दूध पिणाऱ्या पोरालाही कळतं हे आपल्याकडे. दाराला खराटा म्हणजे घरात कुणी नाही, आल्या पावली परत जा. बाबांनी सगळी हयात घराला कुलूप लावलं नाही, खराटा पुरला. आणि तू आजच्या दिवशी तो दाराला लावलास! तू कुठे होतास तेव्हा?

ओस्मो : जाळ्यांच्या शेडमध्ये.

आइली : त्यांना दिसत होतास?

ओस्मो : स्वच्छ.

आइली : मग सांगितलं का नाहीस, की बाई आहे घरात?

ओस्मो : त्यांनी विचारलं नाही. मान हलवली. मीही हलवली.

आइली : झालं! दोन्ही देशांचे राजदूत भेटले. ओस्मो, यंदा निवड झाली असती तर उन्हाळाभर माणसं आली असती. माणसं आली असती तर बोट राहिली असती. प्रवासी नाहीत म्हणून ती बोट बंद करायला निघालेत, हे तुला मी वसंत ऋतू लागल्यापासून सांगतेय. आणि बोट गेली की मी गेले. रडू की हसू तेच कळत नाही मला.

ओस्मो : हळू बोल.

आइली : का हळू बोलू? माझंच घर आहे.

ओस्मो : बाहेर उभी आहे.

आइली : कोण उभी आहे?

ओस्मो : पाचवी. मी सांगितलं ना, पाच आले, चार गेले.

आइली : कधीपासून उभी आहे?

ओस्मो : तू मला मूर्ख म्हणालीस, त्याच्या जरा आधीपासून.

आइली : आणि तू तसाच बसून आहेस! अहो बाई! आत या हो. तो खराटा खोटा आहे. त्याच्याकडे बघू नका.

राइया : येऊ ना? तुमचं बोलणं चालू होतं. मला मध्ये पडायचं नव्हतं.

आइली : बोलणं कसलं, भावाची हजेरी घेत होते. बूट असू देत. बरं, काढलेत तर राहू देत. बसा. मी आइली. हा ओस्मो, माझा धाकटा भाऊ. हा बोलत नाही. आमचा टपालवाला तीस वर्षं पत्रं आणत होता. तो निवृत्त झाला त्या दिवशी हा त्याला पहिल्यांदा म्हणाला, 'बरंय.'

राइया : मी राइया. प्रांताच्या पेपरात असते. उन्हाळ्याच्या निवडीचं पान मी लिहिते. मघाचे ते चौघे परीक्षक होते.

आइली : ते कळलं. पण ते गेले आणि तुम्ही कशा राहिलात?

राइया : मला हिशेब लागेना. दाराला खराटा, म्हणजे घरात कुणी नाही. आणि सौनाच्या धुराड्यातून धूर. दोन्ही एकाच वेळी खरं असणार नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी संध्याकाळच्या बोटीने येते.

आइली : ऐकलंस, ओस्मो? याला म्हणतात डोकं. आणि त्या चौघांना धूर दिसला नाही?

राइया : दिसला. धूर बघितला, खराट्याकडे बघितलं. मग एकजण म्हणाला, 'असतील, पण त्यांची इच्छा नसेल.' आणि सगळ्यांना ते पटलं.

आइली : घ्या! आहेतच आपली माणसं अशी. दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं म्हणजे गुन्हा केल्यासारखं वाटतं. याच गुणासाठी मला ती आवडतात, आणि आज त्याच गुणाने घात केला. कॉफी काळी घेणार ना? पाव घ्या. वेलदोडा जरा जास्तच पडलाय. रोज भाजून भाजून हात सैल झाला.

राइया : छान झालाय.

आइली : मग आता तुम्ही त्यांना सांगालच. घर बंद नव्हतं, पाहुण्यांसाठी चार खोल्या तयार होत्या, म्हातारी पाव घेऊन वाट बघत होती.

राइया : नाही सांगता येणार, आइलीबाई.

आइली : म्हणजे?

राइया : मी मत देत नाही आणि मतावर बोलतही नाही. चौघे वाचकांमधून निवडलेले असतात. त्यांनी फिरायचं, बघायचं, उद्या सकाळी मत द्यायचं. यंदा चार ठिकाणं आहेत. त्यातली तीन या शुक्रवारी छापून येतील.

आइली : आणि चौथं?

राइया : चौथं कुठेच येत नाही.

आइली : मग ते आम्हीच. दार बंद, माणूस नाही, पाव नाही. बघण्यासारखं काय बघितलं त्यांनी?

राइया : मी सांगू का काय बघितलं? हे सांगायला हरकत नाही. मी फक्त घडलं ते सांगते.

आइली : सांगा. कडू असेल तरी सांगा. ओस्मो, तूही ऐक.

राइया : दारापासून फिरले ते खाली धक्क्यावर गेले. चौघांत एक बसचालक आहेत, पंचावन्नचे. ते फळ्यांवर बसले, पाण्याकडे बघितलं, आणि म्हणाले, 'इथे काही नाही.'

आइली : बघा! बोलूनच दाखवलं.

राइया : थांबा. मग त्यांनी मोजे काढले.

आइली : मोजे काढले?

राइया : मोजे काढले, दोन्ही पाय पाण्यात सोडले, आणि निघायची वेळ होईपर्यंत बाहेर काढले नाहीत. मी हे पान सहा उन्हाळे लिहितेय. बसचालकाला मोजे काढताना पहिल्यांदा पाहिलं.

आइली : बरं. आणि ती कॅमेरेवाली?

राइया : ती केस कापायचं दुकान चालवते. सकाळपासून प्रत्येक कुंपणाचा, प्रत्येक मांजराचा फोटो घेत होती. इथे आली, खाडीकडे बघितलं. ती बर्चची झाडं वाकून पाण्याला टेकलीत ना, तिकडे. मग कॅमेरा गळ्यातून काढला आणि पिशवीत ठेवून दिला.

आइली : फोटो काढला नाही?

राइया : एकही नाही.

आइली : मग पेपरात छापणार काय?

राइया : तोच तर प्रश्न आहे. तिसऱ्या बाई औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेल्या. त्यांनी ओंजळीने पाणी घेतलं, प्यायल्या, आणि म्हणाल्या, 'हं.'

ओस्मो : हं?

राइया : हं. आणि परत ओंजळ भरली.

आइली : आणि चौथा?

राइया : चौथा सुतार आहे, तरुण. तो बाकी काही बघेचना. धक्क्यावर पालथा पडला आणि फळ्यांच्या खालून हात फिरवत बसला. सांधे चाचपत होता. खिळे शोधत होता बहुतेक.

ओस्मो : खिळे नाहीत.

राइया : नाहीत ना. त्यालाही सापडले नाहीत. मग उठून बसला आणि म्हणाला, 'वाईट नाही.'

ओस्मो : असं म्हणाला?

राइया : शब्दशः.

आइली : बघा, बघा, कान लाल झाले याचे! दोन उन्हाळे घालवले त्या धक्क्यावर. मी म्हणायची, अरे, चार खिळे ठोक आणि मोकळा हो. तर म्हणे, खिळा पाण्यात रडतो.

ओस्मो : गंजतो म्हणालो होतो.

आइली : तेच ते. पण बाई, मी इतकीही खुळी नाही. मोजे काढले, पाणी प्यायले, वाईट नाही म्हणाले. म्हणजे आम्ही त्यांना आवडलो.

राइया : फार.

आइली : मग तुमचा चेहरा असा का? पाव जड झाला का पोटात?

राइया : कसं सांगू. तुम्ही दलदलीत लाक्काची फळं वेचायला जाता?

आइली : जाते म्हणजे काय! ऑगस्ट उजाडला की पहिली मी.

राइया : कुठे जाता?

आइली : आहे एक जागा.

राइया : कुठे?

आइली : पोरी, तू मघाशी दारात आलीस. एवढ्यात हे विचारायचं नसतं.

राइया : ओस्मोकाकांना माहीत आहे ती जागा?

ओस्मो : तिने मला सांगितलेली नाही.

आइली : त्याने मला त्याची सांगितलेली नाही.

राइया : माझ्या आईने जाताना घराच्या किल्ल्या दिल्या, बँकेचं सांगितलं, कुठल्या मावशीशी का बोलायचं नाही तेही सांगितलं. लाक्काची जागा नाही सांगितली. मी शेवटी विचारलंसुद्धा. तर म्हणाली, 'दमलेय मी,' आणि डोळे मिटले.

आइली : बरोबर केलं तिने.

राइया : मलाही तसंच वाटतं. तर ही मंडळी निवडीच्या वेळी नेमकं हेच करतात, आइलीबाई. सहाही उन्हाळे हेच. जी जागा बरी वाटते, तिला मत देतात. जी जीवाला लागते, तिला देत नाहीत. चुकूनसुद्धा.

आइली : मुद्दाम?

राइया : कुणी कबूल करत नाही. उद्या म्हणतील, 'पोहोचायला लांब आहे', 'सोयी कमी आहेत', 'घर बंद होतं'. खराट्याने त्यांना कारण आयतं दिलं, एवढंच. खराटा नसता तरी त्यांनी दुसरं शोधलं असतं.

आइली : तुला हे कसं कळलं? का नुसता अंदाज?

राइया : अंदाजावर मी लिहीत नाही. गेल्या वर्षी सुट्टीत मी आदल्या उन्हाळ्याच्या चौथ्या ठिकाणी गेले. छापून न आलेल्या. एक लहानसं तळं आहे, वर उत्तरेला. तर त्या निवडीतल्या चौघांपैकी तिघे तिथे. वेगवेगळ्या तीन खडकांवर, एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

ओस्मो : शहाणी माणसं.

आइली : मग काय म्हणाले तुला बघून?

राइया : त्यांनी मला पाहिलं नाही असं दाखवलं. मीही त्यांना पाहिलं नाही असं दाखवलं. मी चौथा खडक शोधून बसले.

आइली : हसू नकोस रे, ओस्मो. माझं मरण आहे यात. म्हणजे नावडलो तर गेलो, आणि आवडलो तरी गेलोच की!

राइया : असं झालंय खरं.

आइली : पुढच्या उन्हाळ्यात ते चौघे येतील, चार खडकांवर बसतील, मोजे काढतील. कशाने येतील? बोट नसेल. आणि वर बघतील तर दाराला खराटा असेल. या वेळी खरा.

राइया : बोट नक्की बंद होणार आहे? की बोलवा आहे नुसती?

आइली : पत्र आलंय. उन्हाळ्यातले प्रवासी बघून शरद ऋतूत ठरवणार. गेल्या उन्हाळ्यात बोटीतून मी, ओस्मो, चर्चच्या पाद्रीबाई, आणि एक जर्मन जोडपं. ते चुकून आलं होतं. समोरच्या काठावर, हिएतालाला जायचं होतं त्यांना.

राइया : पण ओस्मोकाकांची होडी आहे ना?

आइली : होडी उन्हाळ्याची. बर्फ धड धरत नाही आणि धड फुटतही नाही, ते महिनाभराचे दिवस तुला माहीत आहेत. होडी घालता येत नाही, पाऊल ठेवता येत नाही. ही बोट तेव्हा बर्फ फोडत येते. गेल्या नोव्हेंबरात माझं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा ती आली म्हणून मी आज तुला कॉफी देतेय.

राइया : हे मी छापू शकते. निवडीच्या पानावर नाही, वेगळी बातमी म्हणून. पण शुक्रवारनंतर. त्याआधी छापलं तर निवडीत ढवळाढवळ केल्यासारखं होईल.

आइली : मुळीच छापायचं नाही. म्हातारीची कीव करायला माणसं नकोत मला. जागा आवडली म्हणून आली तर यावीत. आणि आता माझं काय ते ठरलंय. जागा बघून ठेवलीय मी शहरात.

ओस्मो : कसली जागा?

आइली : फ्लॅट. तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे.

ओस्मो : कधी बघितलास?

आइली : ईस्टरला.

ओस्मो : ईस्टरला तू दाताच्या डॉक्टरकडे गेली होतीस.

आइली : दाताचा डॉक्टर त्याच रस्त्यावर आहे.

ओस्मो : दात दुखत होता ना?

आइली : नव्हता दुखत. खिडकी मोटारी उभ्या करतात त्या पटांगणावर उघडते. शेजारी कोण राहतं ते कुणालाच माहीत नाही, म्हणजे शेजार आपल्यासारखाच आहे. बरी आहे जागा. तळघरात सौना आहे, बुधवारी आपली पाळी. पाळी, ओस्मो! सौनाला पाळी!

ओस्मो : मला सांगितलं नाहीस.

आइली : काय सांगू? तू येणार होतास? तू त्या जाळ्यांच्या शेडमधून इथवर यायला आढेवेढे घेतोस. तू राहणार इथेच. मी काय ओळखत नाही तुला? बर्फाचे दिवस एकटा काढशील, पडलास तर पडून राहशील. मला रात्री झोप लागत नाही ती त्या फ्लॅटमुळे नाही.

राइया : मी जरा बाहेर थांबते.

आइली : बस गं तू. आमचं भांडण एवढंच असतं. झालं ते.

ओस्मो : ते चौघे आता कुठे आहेत?

राइया : समोर, हिएतालाला. यादीतलं शेवटचं ठिकाण तेच आहे. आज मुक्काम तिथेच. या वेळी किनाऱ्यावरच्या बाकावर असतील.

ओस्मो : त्यांना बोटीचं माहीत आहे?

राइया : नाही. कसं असेल?

ओस्मो : म्हणजे त्यांना वाटतंय, जागा कुणाला सांगितली नाही की राहते.

राइया : हो. लाक्कासारखी.

ओस्मो : ही नाही राहणार.

आइली : टोपी कशाला घेतलीस? ओस्मो, कुठे निघालास?

ओस्मो : समोर.

आइली : काय करायला?

ओस्मो : सांगायला.

आइली : अनोळखी माणसांना? चौघांना? तू?

ओस्मो : मी.

राइया : ओस्मोकाका, एक मिनिट. मी तुम्हाला जा म्हणत नाही. जाऊ नका असंही म्हणत नाही. मी इथे नव्हतेच असं समजा.

ओस्मो : नियमात बसतं का?

राइया : गावकऱ्यांनी परीक्षकांशी बोलू नये, असं नियमात कुठेही नाही. कधी लिहायची वेळच आली नव्हती.

आइली : अरे पण काय बोलशील? आधी हवेबद्दल बोल काहीतरी. एकदम विषयाला हात घालू नकोस.

ओस्मो : हवा त्यांना दिसतेय.

आइली : मग पाव घेऊन जा. फडक्यात बांधून देते. आणि माझं नाव काढू नकोस.

ओस्मो : मग पाव कुणाचा म्हणू?

आइली : पाव राहू दे. जा. नाही, थांब. स्वेटर घाल तो. कोपर फाटलंय त्या सदऱ्याचं. लोक म्हणतील याला बहीण नाही.

(ओस्मो सदऱ्यावरच निघून जातो. थोड्या वेळाने वल्ह्यांचा आवाज. आइली आणि राइया अंगणात येतात. सूर्य अजून वर आहे.)

आइली : दुर्बीण धर. मला काठ दिसतो, माणसं दिसत नाहीत.

राइया : निम्म्यात आहेत. किती सरळ चाललीय होडी! वल्ह्याचं थेंबभर पाणी उडत नाही.

आइली : तसाच आहे तो. इस्पितळात मी होते ना, तेव्हा हा रोज व्हरांड्यात येऊन बसायचा. कोण, कुणाचा, काही बोलला नाही. नर्सांना वाटलं, हीटर दुरुस्त करायला आलाय. दुसऱ्या दिवशी याने खरंच हीटर दुरुस्त केला.

राइया : आणि मग?

आइली : मग त्यांनी याला जेवण दिलं, कामगारांच्या खोलीत. याने खाल्लं. मला घरी सोडताना डॉक्टर विचारतो, तुमचं कुणी आहे का? तर हा उठून उभा राहिला. तिथल्या सगळ्या पोरी बघतच राहिल्या. बाई, मी याला दिवसातून दहादा मूर्ख म्हणते. पण असा माणूस शहरात तिसऱ्या मजल्यावर मिळत नाही.

राइया : आइलीबाई, एक विचारू? पान छापून आलं, माणसं आली, धक्क्यावर गर्दी झाली, कुणी गाणी लावली, तर? चालेल तुम्हाला?

आइली : नाही चालणार. मी त्यांना हाकलेन. पण हाकलायला माणसं तर हवीत ना आधी! ... पोचला का?

राइया : पोचले. होडी ओढून घेतायत वाळूवर. टोपी काढली. परत घातली.

आइली : घाबरलाय. चौघे आहेत का?

राइया : आहेत. बाकावर बसलेत. लांब बाक आहे, चौघे चार ठिकाणी. तुमचे भाऊ समोर उभे आहेत.

आइली : किती लांब?

राइया : दोन माणसं मध्ये मावतील एवढे.

आइली : म्हणजे जवळच गेलाय की! याच्या मानाने फारच जवळ गेलाय. तोंड हलतंय का? नीट बघ. तुला डोळे आहेत.

राइया : नाही. पाण्याकडे बघतायत. तेही पाण्याकडे बघतायत. पाचही जण.

आइली : अरे बोल ना, बाबा, एकदा तरी! आयुष्यात एकदा तरी!

राइया : तुमची बोट येतेय. टोकाला वळसा घालतेय. मला निघायला हवं.

आइली : बोट थांबेल. तो खलाशी माझा पाव खाल्ल्याशिवाय हलत नाही. तू बघ आधी.

राइया : त्या औषधांच्या दुकानातल्या बाईंनी पिशवी उचलली. बाकावरची.

आइली : उठल्या? निघाल्या?

राइया : नाही. मांडीवर घेतली. बसचालक कडेला सरकले.

आइली : कशाला सरकले?

राइया : बसायला जागा करून दिलीय. तुमचे भाऊ मध्ये बसलेत.

आइली : आणि? बोलतोय का?

राइया : अजून नाही.